टेबलाच्या जागी

उणे चोवीसला रंग वाळत नाही
हे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं,
आणि एव्हर्ट बारीक अक्षरं वाचतो, फक्त असलीच.

म्हणून जानेवारीतल्या एका मंगळवारी
चार माणसं, एक फळी आणि पुष्कळ शिव्या
यांच्या खांद्यावरून
आमच्या जुन्या व्होल्वोचं इंजिन घरात आलं,
दाराशी बूट न काढता.

अर्विड्सयाउरला आमच्या घराला गॅरेज आहे,
पण गॅरेजला उन्हाळा नाही.
उन्हाळा फक्त स्वयंपाकघरात,
चुलीपासून दीड हातावर,
जिथे टेबल होतं.

आम्ही उभ्याने जेवू लागलो.

पहिला आठवडा नुसता खरवडण्यात गेला.
पंचावन्न वर्षांचं तेल, त्यावर रस्त्याची धूळ,
धुळीवर मीठ, आणि मिठात एक माशी,
पंखांसकट,
कुठल्या जुलैतली कोण जाणे.
रॉकेल, तारेचा ब्रश, टोक काढलेली काडी,
आणि माझा भांडी घासायचा ब्रश,
ज्याच्याबद्दल मला विचारलं गेलं नव्हतं.
कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात.
हे मात्र चौथ्या दिवशी, डाव्या कुशीला,
नखाएवढं लाल झालं.
एव्हर्टने मला हाक मारली.
एवढी मोठी हाक गेल्या दहा वर्षांत
त्याने फक्त फुटलेल्या नळासाठी मारली होती.

त्या लालावर
एक अंगठा होता.

म्हणजे ठसा. कारखान्यातला.
रंग ओला असताना कुणीतरी टेकवलेला,
रेषा अजून मोजता येतील असा.
शुक्रवारची दुपार असावी, मी म्हटलं.
जेवायची सुट्टी संपत आली असेल, तो म्हणाला.
मग बराच वेळ कुणीच काही म्हटलं नाही,
चुलीत लाकूड तेवढं बोलत राहिलं.

वरचं झाकण मी ओव्हनमध्ये भाजलं.
नव्वद अंश, एक तास, खिडकी उघडी ठेवून.
शनिवारी त्याच ओव्हनमधले वेलचीचे पाव
शेजारच्या योर्डिसने दोन खाल्ले
आणि विचारलं, वेलची नवीन आहे का?
माझा जीव भांड्यात पडला,
भांडं रॉकेलचं होतं.

रंगाच्या आदल्या रात्री
भोकांत चिंध्या, कडांना चिकटपट्टी,
जिथे धातूला धातू भेटतो तिथे रंग नको.
थिनरने पुसून झाल्यावर हात लावायचा नाही,
बोटांचं तेल रंगाला धरू देत नाही.
एव्हर्टने चिकटपट्टीचा एक तुकडा कापला,
पोस्टाच्या तिकिटाएवढा,
आणि त्या अंगठ्यावर लावला.
का, ते मी विचारलं नाही.

तीन हात. पातळ. मध्ये वीस-वीस मिनिटं.
तो डोळ्यांत तेल घालून ओघळ शोधत होता,
मी वेळ मोजत होते अंड्याच्या घड्याळावर.
तिसऱ्या हातानंतर ते इतकं लाल झालं
की बाहेरचा बर्फ
खिडकीत गुलाबी दिसायला लागला.

वाळलं का ते बघायला
जगात एकच रीत आहे,
आणि ती चुकीची आहे.
मी रात्री पाणी प्यायला उठले होते.

सकाळी एव्हर्ट खाली वाकला.
चष्मा वर केला, खाली केला.
माझ्याकडे पाहिलं नाही, अंगठ्याकडेही नाही.
त्याच्या हातात घासायचा कागद होता, चारशे नंबरचा.
तो त्याने घडी करून खिशात ठेवला
आणि म्हणाला, कॉफी संपलीय.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा चार माणसं आली, तीच फळी.
इंजिन पहिल्यांदा तापलं तेव्हा
धूर निघाला थोडा, निघतोच.
योर्डिस कुंपणापाशी थांबून म्हणाली,
पाव भाजताय का?

लिनोलियमवर चार खड्डे राहिलेत,
टेबलाचे पाय त्यांत बसत नाहीत.
खुर्च्याही परत आल्या आहेत, चार.
एव्हर्ट खिडकीपाशी ताट हातात घेऊन उभा असतो,
मी ओट्यापाशी.
बसू या, असं दोघांपैकी कुणीतरी
म्हणायला हवं.